अंबडच्या टूलरूममधली डेबियन मशीन: सिस्टिमडी काढून दुसरं इनिट टाकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अंबड एमआयडीसीतल्या तुमच्या टूलरूममध्ये डेबियन १२ या लिनक्स वितरणाची तीन मशीन आहेत. दोन ऑफिसात, बिलिंग, मेल आणि ड्रॉइंग बघण्यासाठी. तिसरं शॉपफ्लोअरवर, मॉनिटर नसलेलं. त्याला यूएसबी-सीरियल केबलने गेज जोडलेले आहेत आणि मोजमापं एका छोट्या प्रोग्रॅममधून फाइलमध्ये उतरतात. तक्रारी तीन: ऑफिसातलं एक मशीन सुरू व्हायला दीड-दोन मिनिटं घेतं, बंद करताना कधीकधी तेवढाच वेळ अडकून बसतं, आणि गेजचा प्रोग्रॅम एखाद्या सकाळी चालूच झालेला नसतो. कुणीतरी सांगितलं की हा सगळा सिस्टिमडीचा, म्हणजे डेबियनमधल्या सध्याच्या इनिटचा (मशीन सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) दोष, ते काढा आणि जुनं इनिट टाका. ते कसं टाकायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशकात छोट्या कारखान्यांची आणि ऑफिसांची लिनक्स मशीन सांभाळतो. सिस्टिमडीवरची आहेत, सिसव्ही-इनिट आणि रनिट या दुसऱ्या इनिटवरचीही आहेत. माझा सल्ला आधी सांगतो. ऑफिसातल्या दोन मशीनवर इनिट बदलू नका. शॉपफ्लोअरवरच्या मशीनवर बदलायचं असेल तर जरूर बदला, तिथे ते जमण्यासारखं आहे. पण तिन्ही तक्रारींची कारणं आधी शोधा, कारण त्या इनिट न बदलताही सुटतील असं मला तुमच्या वर्णनावरून स्पष्ट दिसतंय.

इनिट काय करतं हे एकदा नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मशीन चालू केलं की फर्मवेअर ग्रब या बूटलोडरला उठवतं, ग्रब कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि त्याच्यासोबतची इनिटरॅमएफएस ही छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम मेमरीत आणतं, कर्नल हार्डवेअर ओळखतं, खरी डिस्क जोडली जाते, आणि मग एकच प्रोग्रॅम सुरू केला जातो. तो ‘एसबिन’ फोल्डरमधला ‘इनिट’. त्याचा प्रोसेस क्रमांक १. बाकीचं सगळं, म्हणजे नेटवर्क, प्रिंटर, लॉगिनचा पडदा, तुमचा गेजचा प्रोग्रॅम, हे त्याने किंवा त्याच्या पोराबाळांनी सुरू केलेलं असतं. ज्या प्रोसेसचा पालक मरतो तिला शेवटी क्रमांक १ च सांभाळतो. आणि क्रमांक १ स्वतः मेला तर कर्नल पॅनिक होऊन मशीन तिथेच थांबतं. म्हणून या जागी कोण बसलंय याला महत्त्व आहे, आणि म्हणूनच तिथली अदलाबदल घाईत करू नये.

लिनक्सवर बरीच वर्षं या जागी सिसव्ही-इनिट होतं, मिकेल व्हान स्मूरेनबर्ग यांनी लिहिलेलं, युनिक्स सिस्टिम फाइव्हच्या पद्धतीवर बेतलेलं. शेल स्क्रिप्टची (ओळीओळीने कमांड लिहिलेल्या फाइलींची) एक रांग आणि ती क्रमाने चालवणं, एवढाच त्याचा कारभार. २००६ मध्ये उबुंटूने अपस्टार्ट हे नवं इनिट आणलं. २०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी सिस्टिमडी पुढे आणलं, २०११ मध्ये फेडोरा या लिनक्स वितरणाने ते स्वीकारलं. डेबियनच्या तांत्रिक समितीने २०१४ च्या फेब्रुवारीत सिस्टिमडीच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१५ मधल्या डेबियन ८ पासून ते तिथे मूळचं झालं. त्या निर्णयावर नाराज असलेल्यांनी डेव्हुअन ही सिस्टिमडीशिवायच्या डेबियनची वेगळी चूल मांडली, ती आजही चालू आहे. २०१९ च्या डिसेंबरात डेबियनमध्ये पुन्हा मतदान झालं. निकाल असा की भर सिस्टिमडीवरच राहील, पण पर्यायांवर काम करणाऱ्यांना वाट मोकळी असेल. डेबियनवर इनिट बदलता येतं पण काही ठिकाणी हाताने जुळवाजुळव करावी लागते, ही आजची परिस्थिती त्याच निकालातून आलेली आहे.

आता तुमच्या तक्रारी.

सुरू व्हायला लागणाऱ्या वेळासाठी सिस्टिमडीतच एक चांगलं साधन आहे, ‘सिस्टिमडी-ॲनलाइझ’. नुसतं चालवलं तरी ते कर्नलला किती वेळ लागला आणि त्यानंतरच्या यूजरस्पेसला, म्हणजे इनिट आणि बाकीच्या प्रोग्रॅमना, किती, हे वेगवेगळं सांगतं. हा फरक मोलाचा आहे. डेबियनमध्ये इनिटरॅमएफएसचा वेळ कर्नलच्या आकड्यात मोजला जातो. कर्नलचा आकडा तीस सेकंदांच्या वर दिसला तर सिस्टिमडीचा त्याच्याशी काही संबंध नाही, कारण तेव्हा ते जन्मालाच आलेलं नसतं. बहुतेक वेळा अशा ठिकाणी हायबरनेटसाठी जुन्या स्वॅप पार्टिशनची (डिस्कवरच्या जादा मेमरीच्या जागेची) वाट पाहणं चाललेलं असतं. डिस्क बदलली, पार्टिशन नव्याने केलं, पण ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’च्या फोल्डरमधल्या ‘रिझ्यूम’ नावाच्या फाइलमध्ये जुनाच यूयूआयडी (पार्टिशनची ओळख) राहिला. ते मशीन रोज सकाळी अस्तित्वात नसलेल्या पार्टिशनसाठी अर्धा मिनिट थांबतं. त्या फाइलमध्ये रिझ्यूमची किंमत ‘नन’ करा, इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा, काम झालं. इथे इनिट बदललं असतं तरी ते तीस सेकंद जसेच्या तसे राहिले असते.

यूजरस्पेसचा आकडा नव्वद सेकंदांच्या पुढे असेल तर संशय थेट ‘एफएसटॅब’ फाइलवर, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीवर, घ्या. सिस्टिमडी न सापडणाऱ्या डिस्कसाठी नव्वद सेकंद थांबतं. काढून टाकलेली दुसरी हार्डडिस्क, नव्याने फॉरमॅट केलेलं स्वॅप, कधीतरी बॅकअपसाठी जोडलेली बाहेरची डिस्क, यांची नोंद तिथे राहून गेलेली असते. ‘ब्लॉक-आयडी’ कमांड चालवून येणारे यूयूआयडी आणि एफएसटॅबमधले यूयूआयडी शेजारी ठेवून बघा. जुळत नाही ती ओळ काढा. बाहेरच्या डिस्कची असेल तर तिला ‘नोफेल’ (सापडली नाही तरी अडू नको) पर्याय द्या. दीड-दोन मिनिटं हा तुमचा आकडा ऐकल्यावर माझ्या मनात पहिली हीच गोष्ट आली.

एक सावधगिरी. सिस्टिमडी-ॲनलाइझचं ‘ब्लेम’, म्हणजे कुणाला किती वेळ लागला ती यादी, बघून बरेच जण वरच्या चार-पाच सर्व्हिसेस (मागे चालणारे प्रोग्रॅम) बंद करत सुटतात. त्या यादीतल्या गोष्टी एकाच वेळी चालत असतात, त्यांची बेरीज करून काही कळत नाही. ‘क्रिटिकल-चेन’ बघा. कोण कुणासाठी थांबलं हे तिथे दिसतं. आणि मशीनमध्ये अजून जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर एम. जी. रोडवरून एक साधी एसएसडी आणून बसवा. कुठल्याही इनिटपेक्षा जास्त फरक पडेल.

बंद होताना अडकण्याचंही तसंच. सिस्टिमडी प्रत्येक सर्व्हिसला नीट बंद व्हायला मूळ नव्वद सेकंद देतं. कुठलातरी प्रोग्रॅम ‘बंद हो’ हा इशारा ऐकत नाही आणि पडद्यावर स्टॉप जॉब चालू असल्याचा तो मेसेज सेकंद मोजत बसतो. त्या मेसेजात त्या सर्व्हिसचं नाव असतं, ते लिहून घ्या. निसटलं तर ‘जर्नलसीटीएल’ला, म्हणजे सिस्टिमडीचा जर्नल (लॉग) दाखवणाऱ्या कमांडला, आदल्या बूटचा लॉग मागा, म्हणजे ‘बी’ पर्यायाला उणे एक द्या. तेवढ्या एका सर्व्हिसची मुदत कमी करा, किंवा सिस्टिमडीच्या ‘सिस्टिम डॉट कॉन्फ’मध्ये थांबण्याची सरसकट मुदत वीस सेकंदांवर आणा. सिसव्ही-इनिट इथे झटपट वाटतं हे खरं आहे. ते सगळ्यांना एकदम इशारा देतं, काही सेकंद थांबतं आणि उरलेल्यांना ठार करतं. फाइल लिहिता लिहिता मेलेला प्रोग्रॅम बिलिंगच्या मशीनवर तुम्हाला परवडणार नाही.

तिसरी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गेजचा प्रोग्रॅम सकाळी चालू नसला तर पहिल्या पाळीतल्या मोजमापांची नोंदच होत नाही. नक्की काय घडतं ते सांगतो. मशीन सुरू झालं, सिस्टिमडीने प्रोग्रॅम सुरू केला, पण यूएसबी-सीरियलचं पोर्ट अजून तयार झालेलं नाही. प्रोग्रॅमला पोर्ट मिळालं नाही, तो लगेच बाहेर पडला. सर्व्हिस फाइलमध्ये ‘रीस्टार्ट ऑलवेज’ लिहिलेलं आहे, त्यामुळे सिस्टिमडीने तो पुन्हा सुरू केला. मूळ सेटिंगमध्ये दोन प्रयत्नांमध्ये १०० मिलिसेकंदांचं अंतर असतं. आणि दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करून झालं की सिस्टिमडी हात वर करतं. म्हणजे सेकंदभरात पाच प्रयत्न संपतात, दोन सेकंदांनी पोर्ट तयार होतं, तोवर सर्व्हिस मृत म्हणून नोंदलेली असते. ज्या दिवशी यूएसबी पटकन जागं होतं त्या दिवशी सगळं ठीक चालतं, म्हणून हा दोष ‘कधीतरीच’ दिसतो. जर्नलमध्ये ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ असं वाक्य शोधा. सापडलं तर हेच कारण.

उपाय एका ओळीचा. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव असं देऊन ‘सर्व्हिस’ या मथळ्याखाली ‘रीस्टार्ट-सेक’ पाच सेकंद करा. आता दहा सेकंदांत पाच प्रयत्न होऊच शकत नाहीत, त्यामुळे मर्यादा कधी लागत नाही. सोबत प्रोग्रॅममध्ये पोर्टचं नाव ‘टीटीवाय-यूएसबी-शून्य’ असं लिहिलेलं असेल तर तेही बदला. दोन केबल असतील तर कुठलीला शून्य आणि कुठलीला एक हे दर बूटला उलटसुलट होऊ शकतं. ‘डेव्ह’खाली ‘सीरियल’ आणि त्यात ‘बाय-आयडी’ नावाचा फोल्डर असतो, तिथली लांबलचक नावं सहसा केबलच्या स्वतःच्या ओळखीवरून ठरतात आणि पक्की असतात. ती वापरा.

हाच पडणारा प्रोग्रॅम दुसऱ्या इनिटखाली कसा वागला असता? इनिट निवडताना मी हाच प्रश्न विचारतो, म्हणून जरा थांबून बघू. सिसव्ही-इनिटमध्ये ‘इनिटटॅब’ फाइलमध्ये एक ओळ लिहायची, त्यात कोलन (:) या चिन्हाने तोडलेले चार भाग: जास्तीत जास्त चार अक्षरांची ओळख, कुठल्या रनलेव्हलला (मशीनच्या कुठल्या अवस्थेत) चालवायचं ते, ‘रीस्पॉन’ हा शब्द, आणि प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग. प्रोग्रॅम मेला की इनिट तो परत उठवतं. पण दोन मिनिटांत दहापेक्षा जास्त वेळा मेला तर पाच मिनिटं त्याच्याकडे बघत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतं. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम उशिरा का होईना पण आपोआप चालू झाला असता, आणि बहुधा म्हणूनच तुम्हाला कुणीतरी ‘जुन्यावर हे होत नव्हतं’ असं सांगितलं. इनिटटॅबची गैरसोय अशी की प्रोग्रॅम रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालतो आणि तो काय बोलतो हे कुठल्याही लॉगमध्ये जात नाही. ते दोन्ही तुम्हालाच बांधून घ्यावं लागतं.

रनिटमध्ये प्रत्येक सर्व्हिसचा एक फोल्डर, त्यात ‘रन’ नावाची फाइल. पहिल्या ओळीत शेल, दुसऱ्या ओळीत ‘एक्झेक’ आणि तुमचा प्रोग्रॅम. बस. प्रोग्रॅम पडला की एखादा सेकंद थांबून पुन्हा उठवतो, आणि हार मानत नाही. शेजारी ‘लॉग’ नावाचा फोल्डर ठेवून त्यात ‘एसव्ही-लॉगडी’ लावलं की लॉग आपोआप ठरावीक आकारात फिरत राहतो. गेरिट पापे यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम छोटा आहे, आणि शॉपफ्लोअरवरच्या अशा कामासाठी मला तो मनापासून आवडतो. ओपनआरसी हे आणखी एक इनिट जेंटू या लिनक्स वितरणातून आलं, रॉय मार्पल्स यांनी सुरू केलेलं. त्यात कुणाला कुणाची गरज आहे हे लिहिण्याची सोय उत्तम आहे. पण डेबियनवर ते सिसव्ही-इनिटच्या वरच बसतं, आणि एका प्रोग्रॅमसाठी तो थर चढवण्यात मला अर्थ दिसत नाही.

रनिट हवं म्हणून क्रमांक १ बदलावाच लागतो असं नाही, हेही लक्षात घ्या. डेबियनमध्ये रनिट नुसता देखरेख करणारा म्हणून सिस्टिमडीखाली किंवा सिसव्ही-इनिटखाली चालवता येतो.

एवढं करूनही तुम्हाला शॉपफ्लोअरचं मशीन सिसव्ही-इनिटवर न्यायचं असेल, तर त्यालाही माझा विरोध नाही. कमी भाग, वाचता येणाऱ्या स्क्रिप्ट, आणि जे घडतं ते एका रांगेत घडतं. वर्षानुवर्षं एकच काम करणाऱ्या मशीनसाठी हे मागणं रास्त आहे. फक्त सिस्टिमडी आतापर्यंत न सांगता कुठली कामं उरकत होतं त्याची यादी आधी करा. सोसायटीचा जुना वॉचमन गेला की दुसऱ्या दिवशी कळतं, पाण्याची मोटर तोच लावत होता. इथेही तसंच होतं, आणि दर वेळी त्याच चार-पाच जागी होतं.

पहिली जागा लॉग. डेबियन १२ पासून आर-सिसलॉग मुळात बसवलेलं नसतं, सगळे लॉग सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये जातात. सिस्टिमडी गेलं की लॉग लिहिणारंच कुणी उरत नाही. आणि नव्या इनिटवर काही अडलं तर शोधायला लॉग हवा तर नेमका तोच नसतो. म्हणून आर-सिसलॉग आधी बसवा, ‘व्हार-लॉग’मध्ये ‘सिसलॉग’ फाइल भरतेय हे डोळ्यांनी बघा, मगच पुढे जा.

दुसरी घड्याळ. वेळ जुळवण्याचं काम सिस्टिमडी-टाइमसिंकडी करत असतं. त्याच्या जागी क्रोनी बसवा. मोजमापांवर वेळ छापली जाते, आणि जुन्या मदरबोर्डची बॅटरी उतरलेली असेल तर वीज जाऊन आल्यावर घड्याळ भलत्याच वर्षात जाऊ शकतं. ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याने कागद मागितल्यावर ते लक्षात येऊन उपयोग नाही.

तिसरी ठरावीक वेळेची कामं. डेबियनमधल्या बऱ्याच पॅकेजांनी दोन्ही सोयी ठेवलेल्या असतात: सिस्टिमडीचा टायमर आणि क्रॉनची (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) नोंद. क्रॉनची नोंद आधी बघते की ‘रन’ फोल्डरखाली ‘सिस्टिमडी’ आणि त्यात ‘सिस्टिम’ असा फोल्डर आहे का. असेल तर सिस्टिमडी चालू आहे, मी गप्प. नसेल तर मी काम करते. ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. पण त्यासाठी क्रॉन बसवलेलं आणि चालू असलं पाहिजे. आणि बॅकअपचा टायमर तुम्ही स्वतः लिहिला असेल तर त्याची क्रॉनची जोडी तुम्हालाच लिहावी लागेल.

चौथी जागा पॉवरचं बटण, आणि शॉपफ्लोअरवर हीच सगळ्यात जास्त महागात पडते. मॉनिटर नसलेल्या मशीनवर पाळी संपली की ऑपरेटर बटण एकदा दाबतो आणि मशीन नीट बंद होतं. ते बटण ऐकणारा असतो सिस्टिमडी-लॉगिनडी. तो गेला की बटण दाबून काहीच घडत नाही. ऑपरेटर दोनदा दाबतो, मग दाबून धरतो, चार-पाच सेकंदांनी मशीन धाडकन बंद पडतं. रोज संध्याकाळी. फाइलसिस्टिम ईएक्सटी-फोर असल्याने बहुतेक वेळा ती सावरते, पण अर्धी लिहिलेली मोजमापाची फाइल सावरत नाही. त्यामुळे एसीपीआयडी आणि ‘एसीपीआय-सपोर्ट-बेस’ ही दोन पॅकेजं बसवायची आणि बदल झाल्यावर बटण स्वतः दाबून बघायचं. ऑपरेटरच्या हातात मशीन त्यानंतर.

पाचवी नेटवर्क. आयपी पत्ता सिस्टिमडी-नेटवर्कडीने लावला असेल तर तो नेहमीच्या ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये आणा. सिस्टिमडी-रिझॉल्व्हडी वापरात असेल तर ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ ही त्याच्याकडे बोट दाखवणारी लिंक असते, ती काढून साधी फाइल ठेवा. नाहीतर पिंग आकड्याने चालेल आणि नावाने चालणार नाही. स्नॅप या वेगळ्या पद्धतीची पॅकेजं असतील तर ती सिस्टिमडीशिवाय चालत नाहीत, पण या मशीनवर ती नसावीतच.

आता प्रत्यक्ष बदल. त्या मशीनवर थेट हात घालू नका. ऑफिसच्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये डेबियन १२ बसवा, स्नॅपशॉट घ्या, तिथे एकदा सगळं करून बघा. मग खऱ्या डिस्कची क्लोनझिलाने प्रत काढा. आणि त्या दिवशी मशीनला मॉनिटर आणि कीबोर्ड लावा. नेटवर्कवरून एसएसएचने बसून हे काम करू नये, कारण अडलं तर अडलेलं दिसणारच नाही. रविवारी, पाळी नसताना, यूपीएस लावून करा. पावसाळ्यात अंबड-सातपूरकडे दोन मिनिटं वीज जाऊन येते तेव्हा पॅकेजांची अदलाबदल अर्धवट राहिलेली नको.

बसवायचं पॅकेज ‘सिसव्हीइनिट-कोअर’. ते ‘सिस्टिमडी-सिसव्ही’ या पॅकेजची जागा घेतं, कारण ‘एसबिन’मधलं ‘इनिट’ हे नाव एका वेळी एकालाच मिळतं. आधी एपीटीला (पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या कमांडला) फक्त सिम्युलेशन करायला सांगा आणि काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी ओळन्‌ओळ वाचा. मॉनिटर नसलेल्या मशीनवर ही यादी छोटी असते. त्यात तुमच्या कामाचं काही दिसलं तर थांबा. सोबत ‘ऑर्फन-सिसव्हीइनिट-स्क्रिप्ट्स’ हे पॅकेज घ्या. काही पॅकेजांनी आपल्या जुन्या स्टार्टअप स्क्रिप्ट काढून टाकल्या, त्या या एका पॅकेजात जपून ठेवलेल्या आहेत. मग ‘इटीसी’खालच्या ‘इनिट डॉट डी’ फोल्डरमध्ये जाऊन एसएसएच, क्रॉन, आर-सिसलॉग, क्रोनी, एसीपीआयडी या प्रत्येकाची स्क्रिप्ट आहे ना, हे बघा. नसलेली सर्व्हिस सुरू होणार नाही, आणि कुणी तक्रारही करणार नाही.

बदल झाल्यावरचं पहिलं रीस्टार्ट जरा अवघड असतं. मेमरीत अजून सिस्टिमडी चालू आहे, पण ‘रीबूट’ ही कमांड आता सिसव्ही-इनिटची आलेली आहे. दोघांचं बोलणं जुळलं तर ठीक. नाही जुळलं आणि काहीच घडलं नाही तर कीबोर्डवर ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीनचं बटण धरून क्रमाने एस, यू, बी दाबा, प्रत्येकाच्या मध्ये दोन-तीन सेकंद जाऊ द्या. एसने मेमरीतला मजकूर डिस्कवर जातो, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती होते, बीने मशीन पुन्हा सुरू होतं. डेबियनच्या कर्नलमध्ये ही तीन अक्षरं मुळातच चालू ठेवलेली असतात.

मशीन वर आलं की ‘प्रॉक’ फोल्डरखाली ‘१’ आणि त्यातली ‘कॉम’ ही फाइल वाचा. तिथे ‘इनिट’ दिसलं पाहिजे. ‘सिस्टिमडी’ दिसलं तर बदल झालेलाच नाही.

परतीची वाट मोकळी ठेवा. ‘सिस्टिमडी’ हे मूळ पॅकेज लगेच काढू नका, आणि महिनाभर ‘ऑटोरिमूव्ह’ चालवू नका, ते तुमच्या नकळत सिस्टिमडी उचलून नेईल. पॅकेज डिस्कवर असेपर्यंत परत जाणं सोपं आहे: ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘इनिट’ बरोबर आणि ‘लिब’ फोल्डरमधल्या सिस्टिमडीचा पूर्ण मार्ग लिहा, कंट्रोल-एक्स दाबा. त्या एका बूटपुरतं मशीन सिस्टिमडीवर येतं. काहीच वर येत नसेल तर त्याच जागी ‘बिन’मधल्या ‘बॅश’चा मार्ग द्या. थेट रूटचा शेल मिळतो. मात्र तिथे डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, त्यामुळे काही दुरुस्त करण्याआधी ती लिहिण्यासाठी पुन्हा माउंट करावी लागते.

ऑफिसातल्या मशीनवर हे का नको म्हणतोय? डेस्कटॉपचं गणित वेगळं आहे. पेनड्राइव्ह जोडल्यावर तो कुणाला उघडता यावा, आवाज कुणाच्या हेडफोनमध्ये जावा, झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपावा का, हे सगळं लॉगिनडी ठरवत असतं. त्याच्या जागी ईलॉगिनडी आणि त्याचं लॉगिनशी जोडणारं पॅम पॅकेज येतं, डीबसच्या (प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणाऱ्या व्यवस्थेच्या) सत्रासाठी ‘डीबस-एक्स११’ लागतं, आणि हे सगळं एकाच एपीटी कमांडमध्ये सोबत दिलं नाही तर काढण्याच्या यादीत बघता बघता नेटवर्क मॅनेजर आणि आख्खा डेस्कटॉप येऊ शकतो. ईलॉगिनडी चांगलं काम करतं, त्यामागे मेहनती लोक आहेत. पण बसलेल्या डेबियनवर ते जुळवत बसायचं आणि पुढे प्रत्येक अपडेटला पुन्हा तपासायचं, हे बिलिंग करणाऱ्या माणसाच्या माथी मारू नये. जीनोम हा डेस्कटॉप वापरत असाल तर विचारही करू नका, तो दिवसेंदिवस सिस्टिमडीशी जास्तच बांधला जातोय. एक्सएफसीई डेस्कटॉपवर त्रास कमी होतो.

डेस्कटॉपवर सिस्टिमडी नकोच असं तुमचं ठाम मत असेल, तर ज्यांनी हे जुळवण्याचं काम आधीच केलंय त्यांची व्यवस्था नव्याने बसवा. डेव्हुअन ५, नाव डेडलस, हे डेबियन १२ च्याच तोडीचं आहे. पॅकेजं तीच, आणि तिथे सिसव्ही-इनिट, ओपनआरसी आणि रनिट यांपैकी हवं ते निवडता येतं. एमएक्स लिनक्स २३ मध्ये सिसव्ही-इनिट मुळातच असतं आणि बूटच्या मेनूतून सिस्टिमडीही निवडता येतं, त्यामुळे दोन्हींची तुलना एकाच मशीनवर करून बघायची असेल तर ते सोयीचं. व्हॉइड लिनक्स रनिटवर चालतं, पण पॅकेज मॅनेजर वेगळा. ऑफिसातल्या माणसांना तो शिकवणार कोण, हा विचार करून मग ठरवा. मशीन ३२ बिटचं असेल तर डेबियन १३ ने त्यासाठीचं इन्स्टॉलर आणि कर्नल बंद केलंय, एमएक्स २३ मात्र त्यावर अजून बसतं.

तोवर ऑफिसातल्या उशिरा सुरू होणाऱ्या मशीनवरचं सिस्टिमडी-ॲनलाइझचं क्रिटिकल-चेन, एफएसटॅब फाइल, आणि शॉपफ्लोअरवरच्या गेज सर्व्हिसचा ज्या सकाळी ती चालू झाली नाही त्या सकाळचा जर्नल, एवढं काढून पाठवा. एफएसटॅब पाठवताना त्यात नेटवर्कवरच्या शेअरचा पासवर्ड लिहिलेला असेल तर तो आधी पुसा.